दादागिरी रोखायला शिकवणारी कार्यशाळा : आमच्या शाळेचा अनुभव

गेल्या दोन महिन्यांत आजूबाजूच्या शाळांतल्या चार-पाच जणींनी फोन करून मला एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडं ती दादागिरीवरची कार्यशाळा झाली ना, आम्ही घ्यावी का? प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित मराठी शाळेत १९ वर्षं शिकवते, सध्या सहावी ‘ब’ची वर्गशिक्षिका आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण जे पटलं नाही तेही लिहिणार आहे आणि त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे.

आधी हिशोब. सहावी-सातवीची मिळून १४६ मुलं. दर मुलामागे ६० रुपये, म्हणजे ८७६० रुपये. एवढे पैसे माजी विद्यार्थ्यांनी दिले. जानेवारीत चार आठवडे, दर गुरुवारी एक सत्र, दोन तासिका जोडून ८० मिनिटांचं. पुण्याहून एक ताई आणि एक दादा यायचे. शिवाय शिक्षकांसाठी दोन तास आणि पालकांसाठी एक सभा असं ठरलं होतं. साहित्य म्हणून भिंतीवर लावायची सहा चित्रं आणि एक पुस्तिका. पुस्तिकेचा कागद छान आहे, पण ‘सुरक्षित अवकाश निर्माण करा’ असली वाक्यं आमच्या मुलांनी एकदा वाचली आणि पुस्तिका दप्तरात गेली ती गेलीच. तिच्यावर आणखी लिहीत नाही.

पहिलं सत्र शब्दांवर गेलं. इंग्रजीत ज्याला बुलिंग म्हणतात त्याला आपल्याकडं एक नेमका शब्द नाही, म्हणून ताईंनी मुलांकडूनच शब्द काढून घेतले. चिडवणं, खोड काढणं, दम देणं, डबा पळवणं, टपली मारणं, बोलणं टाकणं, नाव पाडणं. बघता बघता फळा भरला. मग भांडण आणि छळ वेगळे कसे ओळखायचे ते सांगितलं. कबड्डीत पाय ओढला म्हणून दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, ते भांडण. एकाच मुलाचा डबा रोज कुणीतरी लपवतं आणि तो काही करू शकत नाही, तो छळ. मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं आणि दोघांचं बळ सारखं नसताना होणारं, ही ती कसोटी. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी ती मांडली. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी जीव दिला, त्यामागं शाळेतला छळ असावा असं पुढं आलं, आणि १९८३मध्ये ओल्वेउसांनी बर्गनच्या शाळांतून काम सुरू केलं. हे शिक्षकांना सांगितलं, मुलांना नाही, आणि तसंच करायला हवं होतं.

या सत्राबद्दल माझी एक तक्रार आहे. फळ्यावर एवढे शब्द आले आणि पुढची तीन सत्रं एकच शब्द चालला, दादागिरी. तो उच्चारला की मुलांच्या डोळ्यांसमोर कॉलर धरणारा मोठा मुलगा येतो. सातवीतल्या मुलींमध्ये जे चालतं ते त्यात बसत नाही. चौघी मिळून एकीशी बोलणं टाकतात, मधल्या सुट्टीत ती आली की डबे घेऊन उठतात, खेळात तिचा नंबर येऊ देत नाहीत. कुणी हात लावत नाही, शिवी देत नाही, पण त्या मुलीला शाळा नकोशी होते. आपल्याकडं याला जुना आणि नेमका शब्द आहे, वाळीत टाकणं. माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६चा स्वतंत्र कायदा केला. तोच शब्द वर्गात वापरला असता तर मुलींना लगेच कळलं असतं की आपल्याबद्दल बोलणं चाललंय.

दुसरं सत्र मात्र असं होतं की तेवढ्यासाठीच पुन्हा पैसे द्यावेत.

मुलांनी मोठ्या ड्रॉइंग पेपरांवर शाळेचा नकाशा काढला. वर्ग, व्हरांडा, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहं, सायकल स्टँड, मैदान, खिचडीची शेड, फाटक, एसटीचा थांबा. नकाशे वाचनालयात टेबलांवर पसरले, आम्हा शिक्षकांना बाहेर काढलं, आणि एकेका मुलाला आत सोडलं. प्रत्येकाच्या हातात तीन हिरव्या आणि तीन लाल टिकल्या, साध्या, बाजारात पाकिटात मिळतात त्या. जिथं बरं वाटतं तिथं हिरवी, जिथं भीती वाटते किंवा जायला नको वाटतं तिथं लाल. एका वेळी एकच मूल आत, म्हणून कुणाची टिकली कुठं लागली ते कुणाला दिसत नव्हतं. सर्वांसमोर लावायला सांगितलं असतं तर सगळ्या लाल टिकल्या फाटकाबाहेरच्या कुत्र्यांवर लागल्या असत्या, याची मला खात्री आहे.

नकाशे शिक्षक खोलीत येण्याआधी आम्ही अंदाज केला होता. सगळे म्हणाले, स्वच्छतागृहांच्या मागं. तिथं थोड्या होत्या. जास्त होत्या त्या पाण्याच्या टाकीपाशी, कारण पाच नळांतले दोनच चालू होते आणि मोठी मुलं लहानांना मागं ढकलायची. सायकल स्टँडवर होत्या. आणि सर्वांत जास्त वर्गांच्या आत होत्या. ताईंनी मुलांना विचारून घेतलं तेव्हा कळलं की ही दोन तासिकांमधली वेळ. एक सर बाहेर पडले आणि दुसऱ्या बाई अजून आल्या नाहीत, ती पाच-सात मिनिटं. मुलांच्या लेखी शाळेतली सर्वांत धोक्याची जागा ती, आणि तिथून आम्ही दिवसातून आठ वेळा निघून जातो.

माझ्या वर्गाच्या चौकोनात मुलांनी फळ्यापुढं टेबलही काढलं होतं. त्या टेबलावर तीन लाल टिकल्या होत्या.

कुणी लावल्या ते शोधायचं नाही, असं आधीच ठरलं होतं आणि मीही शोधलं नाही. पण घरी जाताना आठवत गेलं. माझ्या वर्गात एक मुलगा फार सावकाश लिहितो. जुलैत एकदा सगळ्यांच्या वह्या जमा झाल्या, त्याची आली नाही, तेव्हा मी म्हटलं होतं, ‘आमची गोगलगाय कुठवर आली?’ वर्ग हसला. मी प्रेमानंच म्हटलं होतं. पुन्हाही दोन-तीनदा म्हटलं असेन. दिवाळीपर्यंत सगळा वर्ग त्याला गोगलगाय म्हणत होता, नाताळपर्यंत मैदानावरची पाचवीची मुलंसुद्धा. आणि तो आता सावकाशही लिहीत नव्हता, दोन ओळी लिहून वही मिटून ठेवत होता. मला ते दिसत होतं आणि मी त्याला आळशी समजत होते.

शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७मध्ये मुलांना मारायला मनाई आहे, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्याच कलमात मानसिक छळालाही मनाई आहे. आम्ही छडी सोडली आणि नावं ठेवणं तसंच चालू ठेवलं. जाड्या, ढापण्या, बोबडी, काळू. यातली कितीतरी नावं आधी शिक्षकांच्या तोंडून निघतात आणि मग मुलांच्या तोंडी बसतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हटलं, ‘ते नाव मी पाडलं, चूक माझी आहे, आणि ते वर्गातून काढायचं कामही माझं.’ तो म्हणाला, ‘चालंल बाई.’ एवढंच, आणि पाणी प्यायला गेला. नाव जायला फेब्रुवारी संपावा लागला. कार्यशाळेवर कितीही टीका केली तरी हे मला दुसऱ्या कुणी दाखवलं नसतं, हे लिहिल्याशिवाय पुढं जाणार नाही.

तिसरं सत्र बघ्यांचं. त्याची मूळ कल्पना फिनलंडची आहे. तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये दाखवलं की छळ दोघांत होत नाही, पूर्ण वर्ग त्यात असतो. कुणी त्रास देणाऱ्याला मदत करतो, कुणी हसून चेव आणतो, कुणी बाजूला उभा राहतो, कुणी त्रास होणाऱ्याची बाजू घेतो. त्यावर उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९पासून फिनलंडभर शाळांमध्ये गेला. तिकडं मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारे शिक्षक ठळक दिसणारं जाकीट घालतात, म्हणजे मुलाला मदत हवी तर नजर टाकताच मोठं माणूस सापडतं. आम्ही तेवढंच लगेच उचललं. दोन नारिंगी जाकिटं आणली आणि पाळ्या लावल्या, एक टाकीपाशी, एक सायकल स्टँडवर.

सत्रात डबा लपवण्याचं छोटं नाटुकलं केलं. मधेच दादांनी हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं आणि कडेला उभ्या असलेल्या एका मुलाला विचारलं, ‘तू आत्ता काय करत होतास?’

‘काय न्हाई. नुसता बघत हुतो.’

‘ज्याचा डबा गेला त्याला काय दिसलं?’

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मी बघतोय ते दिसलं.’

पुढं बघ्यानं काय करायचं याचा सराव घेतला, आणि तो अगदी कामाचा होता. अंगावर जायचं नाही, हाणामारीत पडायचं नाही. हसायचं नाही. त्रास होणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. काहीतरी निमित्त काढून त्याला तिथून न्यायचं. नंतर त्याच्याजवळ बसायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. मुलांनी प्रत्येक गोष्ट जोडीजोडीनं करून पाहिली. फेब्रुवारीत जाकीट घालून टाकीपाशी उभी होते तेव्हा पाहिलं, सातवीतली एक मुलगी गर्दीत शिरली आणि रडकुंडीला आलेल्या एकीचा हात धरून म्हणाली, ‘चल गं, तुला वाचनालयात बोलिवलंय.’ वाचनालयाला त्या दिवशी कुलूप होतं.

चहाडीचा प्रश्नही इथंच निघाला. आपल्या मुलांवर लहानपणापासून बिंबवलेलं असतं की नाव सांगणारा वाईट. ताईंनी बरंच समजावलं, पण ‘ब’ तुकडीतल्या एका मुलीनं स्वतःच सोडवून टाकलं. ‘सांगितल्यावर कुणाचं रडं थांबणार आसंल तर ती चाडी न्हाई.’ ताईंनी तिचं वाक्य फळ्यावर तिच्याच बोलीत लिहिलं, प्रमाणभाषेत सुधारून नाही. त्याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं.

आता जे चुकलं ते. याच सत्राच्या शेवटी एक मुलगा भरून येऊन रडला आणि त्यानं दोघांची नावं घेतली. दादांनी तिघांना पुढं बोलावलं, माफी मागायला लावली, हात मिळवायला लावले, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर त्या मुलाला ‘रडक्या’ ऐकावं लागलं आणि सायकलची हवा सोडलेली सापडली. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर समेट होतो. जिथं एकाचं बळ जास्त आहे तिथं सर्वांसमोर हात मिळवणं म्हणजे दुबळ्यालाच पुन्हा उघडं पाडणं. पहिल्या सत्रात बळाची कसोटी शिकवणाऱ्यांनीच हे करावं, याचं वाईट वाटलं. किवामध्ये त्रास झालेल्या मुलाशी आणि त्रास देणाऱ्यांशी वेगवेगळं, खासगीत बोलतात, वर्गातल्या दोन-चार चांगल्या मुलांना त्याच्या सोबतीला देतात आणि काही दिवसांनी पुन्हा विचारतात, थांबलं का? मी हे दादांना सांगितलं. त्यांनी मान्य केलं. पण तोवर आमच्या मुलानं त्याची किंमत मोजून झाली होती.

शिक्षकांचे दोन तास प्रत्यक्षात २५ मिनिटांत उरकले. त्यात आमचाही दोष आहे, त्या दिवशी ऑनलाइन माहिती भरायची होती आणि अर्धे लोक संगणकापुढं बसले होते. पण संस्थेनं ठामपणे सांगायला हवं होतं की हे नसेल तर मुलांची सत्रंही घेणार नाही. दर गुरुवारी ८० मिनिटं ताई-दादा असतात, बाकी वेळ आम्हीच असतो. पालकांच्या सभेला ३१ जण आले, बहुतेक आया. मोबाइलचा भागही घाईत गेला. त्यांच्या चित्रांत स्वतःचा फोन असलेली शहरी मुलं होती, आमच्याकडं वडिलांच्या फोनवरचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि वर्गमित्राच्या शिंकतानाच्या फोटोचा स्टिकर हा प्रकार आहे. तो स्टिकर कुणी केला यापेक्षा तो पुढं किती जणांनी पाठवला, हे विचारायला हवं होतं. बघ्यांचं सत्र तिथं नीट लागू पडलं असतं.

चौथ्या सत्रात मदत कुठं मागायची ते होतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, १९९६मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून या कामाची सुरुवात झाली, हे सांगितलंच, शिवाय फोन लागल्यावर काय बोलायचं याची तालीम घेतली. नाव, कुठून बोलतोय, काय होतंय, आत्ता सोबत कोण आहे. सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणाऱ्या समितीचा, आमचा फलकही त्या निमित्तानं नव्यानं रंगवला, त्यावरच्या दोन बाई बदली होऊन गेलेल्या होत्या.

तक्रारपेटीबद्दल त्यांनी दिलेली युक्ती पैसे न देताही कुठल्याही शाळेनं करावी. पेटी सगळीकडं असते, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, आणि रिकामी असते. चिठ्ठी टाकायला जाणारं मूल सर्वांना दिसतं, मग कोण टाकणार? आता आमच्याकडं दर शनिवारी प्रत्येक मूल चिठ्ठी टाकतं. लिहायचं असेल त्यानं लिहावं, नसेल त्यानं कोरी घडी करून टाकावी. पेटी वर्गातून फिरते, किल्ली हेडसर आणि मी अशा दोघांकडं. पहिल्या शनिवारी माझ्या वर्गातल्या ४७ चिठ्ठ्यांत ४१ कोऱ्या होत्या आणि सहांवर लिहिलेलं होतं. त्या सहांपैकी चार एकाच मुलाबद्दल होत्या, आणि त्याला त्रास होतोय हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

सर्वांत मोठी उणीव शेवटी लिहिते, कारण तिच्यावरच पुढचं अवलंबून आहे. ‘आपण सगळे वेगवेगळे’ असं एक चित्र होतं. त्यात चष्मा होता, उंची होती, रंग, वजन, तोतरं बोलणं. जात नव्हती. गरिबीसुद्धा नव्हती. आमच्या शाळेत कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची मुलं येतात. सहावी ‘ब’त यंदा अशी एक मुलगी होती. तिला नाव पडलं ‘कोपीवाली’, कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची झोपडी. तिच्या बाटलीला मुली तोंड लावत नव्हत्या, तिच्या बाकावर दुसरी कुणी बसत नव्हती. यातलं किती कोपीचं आणि किती जातीचं, हे अकरा वर्षांच्या मुलींना वेगळं करून सांगता येणार नाही, पण घरून दोन्ही ऐकलेलं असतं. मी ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तो विषय नाजूक आहे, पालक अंगावर येतात. मला हे पटलेलं नाही. परिपाठाला रोज उद्देशिका म्हणणारी, नागरिकशास्त्रात अस्पृश्यतेवर उत्तरं लिहिणारी मुलं जात हा शब्द ऐकायला तयार आहेत. कचरतो आपण मोठी माणसं. मग मीच एक तास घेतला, ऊस कोयत्याच्या कोणत्या घावानं तुटतो इथपासून साखर आपल्या चहात येईपर्यंत, आणि त्या मुलीला फळ्यापाशी बोलावून मोळी कशी बांधतात ते विचारलं. तिनं ओढणी घेऊन बांधून दाखवली. त्या दिवशी दोघी तिच्याशेजारी बसल्या. त्यापुढच्या आठवड्यात किती बसल्या ते मला नीट सांगता येणार नाही, वार्षिक परीक्षेची गडबड सुरू झाली होती.

मार्चच्या शेवटी आमचा आम्हीच टिकल्यांचा नकाशा पुन्हा केला. टाकीपाशी लाल टिकल्या निम्म्याहून कमी झाल्या, त्यात जाकिटाचा वाटा किती आणि दुरुस्त केलेल्या तीन नळांचा किती, देव जाणे. सायकल स्टँड जवळपास तसंच आहे. तासिकांमधली वेळ सुधारली, कारण पुढचा शिक्षक दारात आल्याशिवाय आधीच्यानं वर्ग सोडायचा नाही असं हेडसरांनी लावून धरलं.

तेव्हा घ्यावी का? घ्यावी, पण नकाशा, बघ्यांचं सत्र आणि शनिवारची पेटी एवढं तरी पूर्ण मिळणार असेल आणि शिक्षकांचे दोन तास आधी होणार असतील तर. सर्वांसमोर माफी मागायला लावणार नाही, हे लेखी घ्या. आम्ही पुढच्या वर्षासाठी त्यांना कळवलंय की जात आणि कोपीवर सत्र हवं, आणि तारीख जानेवारीतली नको, नोव्हेंबरची हवी. मार्चमध्ये दुसऱ्या वेळी टिकल्या वाटल्या तेव्हा कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आठ दिवस झाले होते आणि ती मुलगी ट्रॅक्टरमधून गावी गेली होती. तिच्या सहा टिकल्या माझ्या टेबलाच्या खणात पाकिटातच राहिल्या आहेत.